माहेर शोधत आलेली लेकरं



बाई नव्या गावात गेली की तिला पहिला प्रश्न विचारला जातो, "तुमचं माहेर कुठलं?" एसटीत शेजारी बसलेली विचारते, बांगड्या भरणारी कासारीण विचारते, पंगतीत वाढणारी विचारते. आपण सांगतो, तेरखेडा, पारगाव, इंदापूर, येरमाळा. लगेच समोरची म्हणते, "अगं, मग तू अमक्याची कोण?" दोन वाक्यांत ओळख निघते, तिसऱ्या वाक्याला नातं निघतं.

पण हा साधा प्रश्न विचारल्यावर ज्यांना उत्तरच देता येत नाही, अशी माणसंही आहेत. जन्म त्यांचा इथला, पुण्याचा, मुंबईचा, नागपूरचा, कदाचित आपल्यासारख्या एखाद्या खेड्यातलाही. वाढली मात्र जर्मनीत, स्वित्झर्लंडमध्ये, स्वीडनमध्ये, अमेरिकेत. रंगरूप आपल्यासारखं, पण मराठीचा एक शब्द येत नाही. तीस-चाळीस वर्षांची झाल्यावर ती इकडे येतात. हातात एक जुना पिवळा पडलेला कागद असतो, आणि ती विचारतात, मला जन्म देणारी कोण? ती कुठली? तिनं मला का दिलं?

आज आम्ही या लेकरांचा इतिहास सांगणार आहोत. वाशी तालुक्यात बसून परदेशातल्या दत्तक मुलांचं कशाला बोलायचं, असं कुणाला वाटेल. पण दत्तक गेलेल्या प्रत्येक लेकरामागे एक बाई असते. ती लेकराला दुसऱ्याच्या हाती देते, किंवा तिच्याकडून ते घेतलं जातं. ती बाई बहुतेक वेळा गरीब असते, एकटी असते, आणि तिचं नाव कुठंच लिहिलेलं नसतं. म्हणजे हा इतिहास आपल्या बायकांचाच आहे.

जुन्या गोष्टी

आपल्या कथा-पुराणांत अशी लेकरं पुष्कळ आहेत. सीता जनकाला नांगराच्या तासात सापडली. कृष्णाला दोन आया, एक जन्म देणारी देवकी, एक वाढवणारी यशोदा, आणि दोघींची नावं आपण सारख्याच मायेनं घेतो. संत जनाबाई गंगाखेडची, लहानपणीच पंढरपुरात दामाशेटींच्या घरी आली आणि तिथंच वाढली.

आणि कर्ण. कुंतीनं लाजेपायी लेकरू पेटीत घालून नदीत सोडलं. राधेनं त्याला वाढवलं, म्हणून तो राधेय झाला. कुंतीनं ते गुपित वर्षानुवर्षं पोटात ठेवलं. कर्णाला खरं कळलं ते युद्ध तोंडावर आल्यावर. भावाला भाऊ ओळखू आला नाही आणि भावानंच भावाला मारलं. ही गोष्ट सांगताना आपण कुंतीला दोष देतो. पण कुमारिकेला मूल झालं तर तिला जगू देणार नाही, अशी रीत ज्यांनी घातली त्यांच्याकडे आपलं बोट जात नाही.

पुणे आणि पंढरपूर

दीडशे वर्षांपूर्वी हे बोट योग्य जागी दाखवणारं एक जोडपं पुण्यात होतं, सावित्रीबाई आणि जोतीराव फुले. त्या काळी वरच्या म्हणवणाऱ्या जातींत विधवेला पुन्हा लग्न करता येत नसे. आठ-दहा वर्षांची पोर विधवा झाली तरी जन्मभर तशीच राहायची. घरातल्याच एखाद्या पुरुषानं तिला फसवलं आणि दिवस गेले, तर तिच्यापुढे दोनच वाटा उरायच्या, विहीर जवळ करायची नाहीतर जन्मलेल्या लेकराचा जीव घ्यायचा. पुण्यात एका विधवा बाईनं असंच लेकरू मारलं, आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. फसवणारा पुरुष मोकळाच राहिला.

या घटनेनंतर १८६३ साली फुले दांपत्यानं आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. गावात जाहिराती लावल्या. विधवा बायांनी इथं यावं, गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हावं, लेकरू सोबत न्यायचं की इथं ठेवायचं हे आपल्या मर्जीनं ठरवावं, असा त्यांचा आशय होता. मैत्रिणींनो, 'आपल्या मर्जीनं' हे शब्द ध्यानात ठेवा. पुढच्या शंभर वर्षांत दत्तकाच्या कारभारात जे जे बिघडलं, ते आईची मर्जी विचारायचं राहिल्यामुळेच बिघडलं.

१८८४ साली सरकारला लिहिलेल्या टिपणात जोतीरावांनी आकडा दिला आहे. तोवर ३५ बाया त्यांच्या घरी बाळंत झाल्या होत्या, आणि त्यांतली अवघी ५ लेकरं जगली होती. बाकीची पोटात असतानाच विषारी औषधांनी अधू झाली होती. या घरात आलेल्या काशीबाई नावाच्या बाईचा मुलगा सावित्रीबाई-जोतीरावांनी १८७४ साली दत्तक घेतला. तोच यशवंत. तो शिकून डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये आजाऱ्यांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या, तेव्हा यशवंतही त्याच कामात होता. यशवंत कुठून आला हे त्या घरानं लपवलं नाही. म्हणून त्याच्या जन्मदात्या आईचं नाव आज आपल्याला घेता येतं.

दुसरं घर निघालं पंढरपुरात, १८७५ च्या सुमारास. लालशंकर उमियाशंकर नावाचे न्यायाधीश तिथं होते. त्यांनी आणि प्रार्थना समाजाच्या मंडळींनी टाकलेल्या लेकरांसाठी आश्रम काढला. तोच पुढे नवरंगे बालकाश्रम म्हणून ओळखला गेला. पंढरपूरच का? कारण यात्रेच्या निमित्तानं बाईला तिथं नेऊन सोडणं सोपं होतं. घरचे सांगायचे, विठोबाच्या दर्शनाला गेली आहे. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता, आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तसाच राहिला. पंढरपूर इंग्रजी मुलखात होतं. पण वारीची वाट कुठल्याही सरहद्दीला थांबत नव्हती.

दत्तक म्हणजे कुणासाठी?

आपल्याकडे दत्तक घ्यायची रीत जुनी आहे. पण ती वाडवडिलांच्या जमिनीसाठी, कुळाच्या नावासाठी आणि पिंडदानासाठी होती. म्हणून दत्तक घ्यायचा तो मुलगाच, तोही बहुतेक भावकीतला. घेणारा पुरुष, देणारा पुरुष. आईला कुणी विचारायचं नाही.

१९५६ साली हिंदू दत्तक आणि निर्वाह कायदा झाला. त्यानं मुलगी दत्तक घेता येऊ लागली, आणि विधवा किंवा एकट्या बाईलाही दत्तक घ्यायचा हक्क मिळाला. कायदा बदलला, मन बदलायला वेळ लागला. अनाथाश्रमांत लेकरं होती. पण मूल नसलेली जोडपी यायची ती मुलगा मागत, गोरा मागत, आणि तोही जातीतला आहे का असं विचारत. मुली मागे राहायच्या, सावळी लेकरं मागे राहायची, अपंग लेकरं तर कायमचीच मागे.

त्याच काळात युरोप-अमेरिकेत वेगळं चित्र होतं. संततिनियमनाची साधनं आली, लग्नाआधी मूल झालं तर आई त्याला स्वतः वाढवू लागली. दत्तक घ्यायला तिथं लेकरं कमी आणि घेणारी जोडपी जास्त, असं झालं. ती जोडपी आपल्याकडे वळली. एकट्या स्वित्झर्लंडमध्ये १९७३ ते २००२ या काळात भारतातून २,२७८ मुलं दत्तक गेली.

परदेशी माणसाला हिंदू दत्तक कायदा लागू नव्हता. म्हणून १८९० चा इंग्रजांच्या वेळचा पालकत्वाचा कायदा वापरला जायचा. इथलं कोर्ट त्या जोडप्याला मुलाचं पालक म्हणून नेमायचं, पोराचा पासपोर्ट निघायचा, आणि खरं दत्तकविधान त्यांच्या देशात व्हायचं. लेकरू एकदा विमानात बसलं की इथं त्याची विचारपूस करणारं कुणी नव्हतं.

१९८२ साली लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं, की परदेशी दत्तकाच्या नावाखाली लेकरांचे हाल होत आहेत, यावर बंधन घाला. कोर्टानं ते पत्रच अर्ज म्हणून दाखल करून घेतलं. ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्यायमूर्ती भगवती यांनी निकाल दिला. संस्थेला मान्यता पाहिजे, घेणाऱ्या जोडप्याची त्यांच्या देशात चौकशी झाली पाहिजे, आईनं दबावाशिवाय लेकरू दिलं आहे ना आणि तिला विचार बदलायला वेळ मिळाला ना हे पाहिलं पाहिजे, आणि लेकराला आधी आपल्याच देशात घर मिळतं का ते बघितलं पाहिजे. या निकालातून पुढे १९९० साली दिल्लीत 'कारा' ही केंद्रीय संस्था निघाली. १९९३ साली हेग शहरात अनेक देशांनी मिळून परदेशी दत्तकाचे नियम ठरवले, आणि २००३ साली भारतानंही ते स्वीकारले.

लेकरं मोठी झाली

नियम झाले तोवर हजारो लेकरं निघून गेली होती. ती मोठी झाली. त्यांतल्या तिघांची हकीकत सांगतो. तिघंही जगजाहीर आहेत.

पहिली लिसा स्थळेकर. १३ ऑगस्ट १९७९ रोजी पुण्यात जन्मलेली ही मुलगी ससून रुग्णालयाशी जोडलेल्या 'श्रीवत्स' या बालगृहात होती. तिथं तिचं नाव लैला होतं. हरेन स्थळेकर आणि त्यांची परदेशी पत्नी मुलगा दत्तक घ्यायला आले होते, आणि या तान्ह्या मुलीला घेऊन गेले. तीच मुलगी पुढे ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट संघाची कप्तान झाली. एकदिवसीय सामन्यांत हजार धावा आणि शंभर बळी अशी कामगिरी करणारी ती जगातली पहिली महिला खेळाडू. २०१३ चा विश्वचषक तिनं मुंबईतच जिंकला. तिनं 'श्रीवत्स'ला येऊन भेटही दिली. जी मुलगी कुणाला नको होती, तिनं काय करून दाखवलं, हे सांगायला तिचं उदाहरण पुरेसं आहे.

दुसरा सरू ब्रायर्ली. हा खंडव्याचा, आपल्या जळगावच्या पलीकडच्या मुलखातला. आई बांधकामावर मजुरी करायची. १९८६ साली पाच वर्षांचा असताना भावाबरोबर तो बऱ्हाणपूर स्टेशनात आला, रिकाम्या गाडीत झोपला, आणि जाग आली तेव्हा गाडी थेट कलकत्त्याकडे निघाली होती. त्याला गावाचं नाव धड सांगता येईना. शेवटी अनाथाश्रम, आणि तिथून ऑस्ट्रेलियातलं एक घर. पंचवीस वर्षांनी कॉम्प्युटरवर उपग्रहाचे नकाशे बघत बघत, रेल्वेच्या रुळांवरून माग काढत त्यानं आपलं गाव शोधलं. स्टेशनाजवळची पाण्याची टाकी, पूल, गणेश तलाई ही वस्ती. २०१२ साली तो तिथं पोचला. आई जवळच राहत होती. पोरगा परत आला तर त्याला सापडावं म्हणून ती वस्ती सोडून लांब गेली नव्हती. या मुलाला कुणी दिलं नव्हतं आणि टाकलंही नव्हतं. तो हरवला होता, आणि हरवलेला मुलगा अनाथ ठरून परदेशी गेला.

तिसरा अरुण डोहले. १९७३ साली पुण्यात जन्मला आणि तान्हा असतानाच जर्मन आईबापांकडे गेला. त्यांनी त्याला प्रेमानं वाढवलं. मोठेपणी तो आईचा शोध घ्यायला पुण्यात आला, तेव्हा त्याची फाईल त्याला दाखवली गेली नाही. आईची गुप्तता जपली पाहिजे, हे कारण. अरुण कोर्टात गेला. मुंबई उच्च न्यायालय, मग सुप्रीम कोर्ट. वर्षांमागून वर्षं गेली. अखेर २०१० साली त्याला कागद मिळाले आणि आई भेटली. त्याचा जन्म झाला तेव्हा ती लग्न न झालेली कोवळी पोर होती. आता तो आपल्यासारख्या इतरांना त्यांचं घर शोधायला मदत करतो, आणि मुलांच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध लढतो.

कागदावर 'आई अज्ञात'

तिघांत सरूला गाव आठवत होतं. बाकीची बहुतेक लेकरं तान्ही असताना गेली. त्यांना काहीच आठवत नाही, त्यांचा सगळा भरवसा कागदावर. आणि कागदावर लिहिलेलं असतं 'आई अज्ञात'.

असं का लिहिलं गेलं? कधी खरोखरच लेकरू देवळाच्या पायरीवर किंवा स्टेशनवर सापडलेलं असायचं. कधी आई दवाखान्यात खोटं नाव सांगून बाळंत व्हायची. कधी संस्थेला नाव माहीत असायचं, पण बाईची अब्रू झाकायची म्हणून लिहिलं जायचं नाही. आणि कधी कधी नाव मुद्दाम पुसलं जायचं, कारण आई असलेल्या लेकरापेक्षा 'अनाथ' लेकरू परदेशी पाठवणं सोपं होतं, आणि त्या पाठवण्यात पैसा होता.

पुण्यातल्या 'प्रीत मंदिर' संस्थेचं प्रकरण पुष्कळ गाजलं. गरीब आईबापांनी अडचणीत सांभाळायला म्हणून ठेवलेली लेकरं परस्पर दत्तक दिली, असे आरोप झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०१० साली सीबीआयनं त्याचा तपास हाती घेतला. स्वित्झर्लंडमध्ये झुरिक आणि थुरगाऊ या प्रांतांनी भारतातून गेलेल्या मुलांच्या जुन्या फायली संशोधकांकडून तपासून घेतल्या, तेव्हा त्यांत आईच्या संमतीचा कागद सापडला नाही. दक्षिण कोरियातून लाखाहून जास्त मुलं परदेशी गेली. तिथल्या सत्यशोधन आयोगानं २०२५ साली सांगितलं, की अनाथ नसलेल्या मुलांनाही अनाथ दाखवलं गेलं आणि सरकारनं आपलं कर्तव्य केलं नाही. म्हणजे हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. जिथं आई गरीब आणि अक्षरशत्रू होती, तिथं तिथं झालं.

याचा अर्थ दत्तक वाईट असा नाही. दत्तकानं कितीतरी लेकरांना घर मिळालं, जीव वाचला. चूक आहे ती आईला न विचारता लेकरू देण्यात, आणि लेकराच्या आयुष्याचं पहिलं पान फाडून टाकण्यात.

आपल्या जिल्ह्यानं दुसरी वाटही पाहिली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि आपल्या जिल्ह्यातली उमरगा भागातली गावं पडली, आठ हजारांच्या जवळपास माणसं गेली, पुष्कळ लेकरांचे आईबाप गेले. तेव्हा शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं सुमारे १२०० मुलांना पुण्याला नेलं, राहायची आणि शिक्षणाची सोय केली. ती मुलं कुणाला दत्तक दिली नाहीत. त्यांचं नाव, आडनाव, गाव त्यांच्याजवळच राहिलं. लेकराला सांभाळायचं तर त्याचं मूळ तोडावंच लागतं असं नाही, हे आपल्या भागानं स्वतः पाहिलेलं आहे.

आईची बाजू

आता या प्रश्नाची अवघड बाजू. लेकराला आई शोधायचा हक्क आहे, हे पटतं. पण आईचं काय?

समजा, एखाद्या बाईनं वयाच्या सोळाव्या वर्षी लेकरू दिलं. पुढे तिचं लग्न झालं. आज ती पंचावन्न वर्षांची आहे, घरात सुना-नातवंडं आहेत. नवऱ्याला काही माहीत नाही. एके दिवशी दारात मोटार थांबते, एक परदेशी दिसणारा माणूस उतरतो, बरोबर दुभाषी, कदाचित कॅमेराही. सगळं गाव गोळा होतं. त्या बाईचं त्या दिवशी काय होईल? तिनं "मी हिला ओळखत नाही" किंवा "मी याला ओळखत नाही" असं म्हटलं, तर तिला दगडाच्या काळजाची म्हणायचं का?

आम्हाला तसं वाटत नाही. तिला कुणी संरक्षण दिलं नव्हतं. तिच्याजवळ होतं ते एवढं एक गुपितच. ते तिच्या परवानगीशिवाय उघडं करायचा हक्क कुणालाच नाही. पण उलटही खरं आहे. कितीतरी आया मनातल्या मनात दरवर्षी त्या लेकराचा वाढदिवस मोजत असतात, आणि ते जिवंत आहे की नाही एवढं कळलं तरी पुरे, असं त्यांना वाटत असतं. 'गुप्तता' हा शब्द तिच्या नावानं वापरला जातो, पण तिला स्वतःला काय हवं, हे पुष्कळदा कुणी विचारलेलंच नसतं.

आजचा कायदा या दोन्ही बाजू सांभाळायचा प्रयत्न करतो. दत्तक गेलेली व्यक्ती १८ वर्षांची झाली की आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी 'कारा'कडे स्वतः अर्ज करू शकते. १८ च्या आतली असेल तर दत्तक आईबापांबरोबर. तिच्या वतीनं तिसऱ्याच माणसानं परस्पर शोध घेऊ नये, असा नियम आहे. संस्था आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष जुने कागद तपासतात. आणि जन्मदात्या आईच्या खाजगीपणाला धक्का लावायचा नाही, हेही नियमातच आहे. आई नको म्हणाली तर तिचं नाव सांगत नाहीत, पण कोणत्या परिस्थितीत लेकरू दिलं गेलं ते सांगता येतं. कित्येकांना तेवढ्यानंही धीर येतो. आईनं आपल्याला फेकलं नव्हतं, तिच्यापुढे वाट नव्हती, एवढं कळणंही मोठं असतं.

आपल्या हातात काय आहे?

मैत्रिणींनो, आता आपल्या गटांनी लक्षात ठेवायच्या काही गोष्टी सांगतो.

जन्माची नोंद २१ दिवसांत करा. आपल्या भागातून दिवाळीनंतर कोयता घेऊन जोडपी ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, त्यामुळे नववा महिना लागला तरी बाई कोपीवर असते आणि तिथंच बाळंत होते. जन्म जिथं झाला तिथंच त्याची नोंद होते, मग ते गाव सातारा जिल्ह्यातलं असो की कर्नाटकातलं. गावी आल्यावर बघू म्हटलं की ती नोंद राहूनच जाते. टोळीतल्या बायांनी एकमेकींना याची आठवण द्यावी. हरवलेल्या लेकराला घरी आणणारा पहिला कागद तोच.

लेकरू सांभाळणं खरोखर जमत नसेल, तर कायद्यात वाट आहे. आईनं बाल कल्याण समितीपुढे जाऊन लेकरू सोपवायचं. समिती तिला समजावून सांगते, आणि त्यानंतर विचार बदलायला ६० दिवस मिळतात. साठ दिवसांत ती लेकरू परत मागू शकते. परिस्थितीनं गांजून लेकरू सोडावं लागलेल्या आईला शिक्षा व्हावी, असा या कायद्याचा हेतू नाही. काट्यात, उकिरड्यावर, विहिरीच्या कडेला लेकरू टाकायची वेळ कुणावर येऊ नये.

सापडलेलं लेकरू कुणी परस्पर घरी ठेवू नये, कुणाला देऊ नये. १०९८ हा फोन फुकट आहे, तो कधीही लावा. लेकराला २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं. "माझ्या नात्यातल्यांना मूल नाही, त्यांना देऊन टाकू, कागदाचं नंतर बघू," असं म्हणणाऱ्या दवाखान्यातल्या किंवा गावातल्या मध्यस्थाचं ऐकू नका. कायद्याबाहेर दत्तक देणं-घेणं हा गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लेकराची विक्री केली तर पाच वर्षांपर्यंत. दत्तकाचा हुकूम आता जिल्हाधिकारी देतात, त्यासाठी मध्यस्थ लागत नाही.

वाचल्याशिवाय अंगठा नको, सही नको. लेकरू वसतिगृहात किंवा संस्थेत ठेवताना कागदावर 'सांभाळायला' लिहिलंय की 'सोपवलं' लिहिलंय, हे शाळेत जाणाऱ्या पोरीकडून, आशाताईकडून, अंगणवाडीताईकडून वाचून घ्या. एका शब्दानं लेकरू कायमचं जाऊ शकतं.

आणि शेवटची गोष्ट. उद्या आपल्या गावात कुणी असा शोध घेत आलं तर काय करायचं? गर्दी करायची नाही. फोटो काढून मोबाईलवर फिरवायचा नाही. "ती अमकीच असेल बघा, तिच्याबद्दल तेव्हा बोललं जायचं," असं कुजबुजायचं नाही. आलेल्याला पाणी द्यावं, बसवावं, आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा रस्ता सांगावा. एखादीला खरंच काही माहीत असेल, तर तिनं आधी त्या बाईला एकटीला गाठून विचारावं, "तुला भेटायचंय का?" ती हो म्हणाली तर तिच्यासोबत उभं राहावं. नाही म्हणाली तर तोंड बंद ठेवावं, तेही जन्मभर.

जोतीराव-सावित्रीबाईंच्या दारावरची पाटी आईची मर्जी विचारत होती. त्याला आता एकशे साठच्या वर वर्षं झाली. गटाच्या पुढच्या बैठकीत हिशोब झाला की दोन प्रश्नांवर बोला. आपल्या गावात लग्नाआधी एखाद्या पोरीला दिवस गेले, तर ती आपल्यापैकी कुणाकडे विश्वासानं येईल? आणि ती आली, तर आपण तिला आधी काय विचारू, "कुणाचं आहे?" की "तुला काय हवंय?" याचं खरं उत्तर आम्हाला कळवा. आपल्या पुढच्या भाषणात त्यावर बोलू.